घोड्याची ऊब त्याच्या पोटात असते

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत राहणाऱ्या, गावाबाहेर थोडी जमीन घेऊन घोडा बाळगणाऱ्या, किंवा लेकीच्या रपेटीच्या हौसेपायी एखाद्या पागेत घोडी ठेवलेल्या मराठी वाचकांसाठी हा लेख आहे. पुण्या-नागपुराकडून तिकडे गेलेल्या माणसाला पहिल्याच हिवाळ्यात उणे २५ अंशांत कुरणात उभा असलेला, पाठीवर बर्फाचा थर साचलेला घोडा दिसला की त्याच्या पोटात कालवतं. मग घाईघाईने जाड झूल घातली जाते, तबेल्याची दारं-खिडक्या घट्ट लावली जातात आणि गव्हाच्या कोंड्याचं गरम कढण शिजायला लागतं. हे सगळं मायेपोटीच होतं. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टींची घोड्याला गरज नसते आणि काहींनी त्याला अपायच होतो. ज्याची त्याला खरोखर गरज असते ते चांगलं गवत, न गोठलेलं पाणी आणि वाऱ्याचा आडोसा मात्र या धांदलीत मागे पडतं.

आधी पाठीवरच्या त्या बर्फाकडेच पाहा. तो वितळत नसेल तर बहुतेक वेळा ते सुचिन्ह असतं. घोड्याच्या अंगातली ऊब केसांच्या थरातून बाहेर झिरपत नाही, म्हणूनच वरचा बर्फ जसाच्या तसा राहतो. हिवाळी केसांचा हा कोट गारठा पडल्यावर यायला लागतो असं आपल्याला वाटतं, पण त्याची तयारी त्याच्या कितीतरी आधी सुरू होते. २१ जूननंतर दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या शरीराला त्याची खबर लागते, आणि डिसेंबरच्या अखेरीस कोट पूर्ण भरलेला असतो. थंडी वाढली की हे केस उभे राहतात, त्यांच्यात हवा अडकते आणि ती अडकलेली हवाच खरी रजई असते. केसांवर असलेल्या तेलकट थरामुळे हलका बर्फ आणि भुरभुर पाऊस वरच्यावर घसरून जातो.

प्रत्येक प्राण्यासाठी तापमानाची एक खालची रेषा असते. तिच्या वर असेपर्यंत शरीर उबदार ठेवायला वेगळी शक्ती खर्च करावी लागत नाही. उघड्याबंब माणसाच्या बाबतीत ही रेषा साधारण २८ अंश सेल्सियसवर येते. उन्हाळी केसांच्या घोड्याची ती ५ अंशांच्या आसपास असते. पूर्ण कोट आलेला, थंडीला सरावलेला, पोटभर खाणारा प्रौढ घोडा मात्र उणे १० ते उणे १५ अंशांपर्यंत आरामात असतो. म्हणजे तुम्ही दोन स्वेटर चढवून कुडकुडत असता, तेव्हा तुमच्या घोड्याला ती हवा छान वाटत असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. सायबेरियातल्या याकुतियात तिथली स्थानिक घोडी उणे ५० अंशांतही वर्षभर उघड्यावर राहतात आणि बर्फाखालचं गवत खुरांनी उकरून खातात. तुमचा घोडा याकुती नाही हे खरं, पण त्याची जातकुळी तीच आहे. थंडी किती वाजते हे आपल्या अंगावरून ठरवायची सवय पहिल्या हिवाळ्यातच सोडलेली बरी.

गवत हीच शेकोटी

घोडा रवंथ करत नाही. गवतातला तंतू पचवण्याचं काम त्याच्या मोठ्या आतड्यात आणि त्या आतड्याच्या तोंडाशी असलेल्या मोठ्या पिशवीत कोट्यवधी जिवाणू करतात. तिथे गवत आंबतं आणि त्या आंबण्यातून भरपूर उष्णता निघते. दाणा म्हणजे ओट, मका, जव यांचं पचन मुख्यतः लहान आतड्यात होतं आणि त्यातून निघणारी ऊब त्या मानाने कमी असते. म्हणूनच कडाक्याच्या थंडीत चंदी वाढवण्याआधी वैरण वाढवावी. मका उष्ण, म्हणून हिवाळ्यात मका द्यावा, असं तिकडचे जुने शेतकरीही सांगतात. मक्यात शक्ती जास्त असते हे खरं, पण अंगात ऊब धरून ठेवायला गवतच उपयोगी पडतं. शिवाय एकदम वाढवलेला दाणा पोटशूळ आणि खुरांची आग ही दोन्ही संकटं ओढवून आणतो.

आता हिशेब पाहू. ५०० किलोच्या घोड्याला एरवी दिवसाला त्याच्या वजनाच्या सुमारे २ टक्के, म्हणजे १० किलो वाळलेलं गवत लागतं. खालच्या रेषेखालच्या प्रत्येक अंशामागे त्याची शक्तीची गरज अदमासे २ ते अडीच टक्क्यांनी वाढते. रेषा उणे १५ धरली आणि पारा उणे २५ वर गेला, तर गरज जवळजवळ पाव हिश्श्याने वाढते, म्हणजे दिवसाला आणखी दोन-अडीच किलो गवत. हवामानखात्याने थंडीच्या लाटेचा इशारा दिला की त्याच दिवसापासून गवत वाढवा, घोडा थरथरायची वाट पाहू नका. रात्रीचं गवत सर्वांत मोलाचं, कारण पहाटे पारा तळाशी असताना आतली भट्टी पेटती राहायला हवी. शक्य असेल तर बारीक भोकांच्या जाळीत गवत भरून टांगावं. मग तीन तासांत संपणारं गवत सात-आठ तास पुरतं आणि पायाखाली तुडवून वायाही जात नाही.

टिमोथी, ब्रोम यांसारखं गवत या कामाला उत्तम. लसूणघास म्हणजे अल्फाल्फा पौष्टिक असतो. तो बारीक झालेल्या किंवा म्हाताऱ्या घोड्याला थोडा मिसळून द्यावा, सगळ्यांना सरसकट नको. बुरशी धरलेलं, धुळकट गवत स्वस्तात मिळालं तरी घेऊ नये, कारण हिवाळ्यात घोडा तेच गवत तासन्‌तास नाकाशी धरून खात असतो आणि फुप्फुसांचं दुखणं तिथूनच सुरू होतं. कळपात चार घोडी असतील तर गवताचे ढीग पाच करावेत आणि ते एकमेकांपासून लांब ठेवावेत. दांडगी घोडी गरीब घोडीला हाकलून लावते. उपाशी राहणारी नेमकी तीच असते जिला ऊब सर्वांत जास्त हवी असते.

कोंड्याच्या गरम कढणाबद्दल स्पष्टच सांगायला हवं. त्याने घोडा तापत नाही. बादलीभर कढणातली ऊब एवढ्या मोठ्या देहात लगेच विरून जाते. घोड्याला ते आवडतं आणि त्या निमित्ताने थोडं पाणीही पोटात जातं, हे मान्य. पण आठवड्यातून एकदाच अचानक दिलेल्या कोंड्याने आतड्यातल्या जिवाणूंची घडी विस्कटते. घालायचंच असेल तर रोजच्याच चंदीत कोमट पाणी घालून ती भिजवून द्या. भिजवलेला बीटाचा चोथा हा त्याहून चांगला पर्याय आहे, कारण त्यातला तंतूही मोठ्या आतड्यात आंबतो.

पाणी

हिवाळ्यातल्या घोड्यांच्या दुखण्यांत मला सर्वांत जास्त धास्ती वाटते ती थंडीची नाही, पाण्याची. उन्हाळ्यात चरणारा घोडा ओल्या गवतातूनच पुष्कळ पाणी घेतो. हिरव्या गवतात ६० ते ८० टक्के पाणी असतं, वाळलेल्या गवतात १५ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे खाण्यातलं पाणी आटतं नेमकं त्याच काळात, जेव्हा प्यायचं पाणी बर्फासारखं गार झालेलं असतं. मग घोडा कमी पितो, लीद कोरडी पडते, आतड्यात गवताचा गोळा अडकतो आणि पोटशूळ उठतो. थंडीच्या लाटेत पशुवैद्यकांना रात्री-बेरात्री धावावं लागतं त्यातल्या बऱ्याच फेऱ्यांमागे हीच कहाणी असते.

वाळल्या गवतावर राहणाऱ्या प्रौढ घोड्याला दिवसाला २५ ते ४० लिटर पाणी हवं. बर्फ खाऊन तहान भागते, पाण्याची काळजी नको, असं म्हणणारे लोक भेटतील. त्यांना एक गणित सांगा. शून्य अंशाचा एक किलो बर्फ वितळवून अंगाच्या तापमानाला आणायला जवळजवळ १२० किलोकॅलरी लागतात. २५ लिटर पाणी असं बर्फातून मिळवायचं तर ३,००० किलोकॅलरी खर्ची पडतात, आणि ५०० किलोच्या घोड्याची साऱ्या दिवसाची गरज १६-१७ हजारांची असते. खाल्लेल्या अन्नाचा सहाव्या हिश्श्याहून जास्त भाग नुसता बर्फ वितळवण्यात जातो. तेच पाणी १० अंशांचं असेल तर ७०० किलोकॅलरींत भागतं. शिवाय भुसभुशीत ताज्या बर्फात पाणी इतकं थोडं असतं की पुरेसं खायला घोड्याला गवत सोडून दिवसभर बर्फच चघळत बसावं लागेल.

पाणी ७ ते १८ अंशांच्या दरम्यान राहील अशी सोय करा. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठात तट्टांवर झालेल्या एका प्रयोगात थंडीच्या दिवसांत नुसतं कोमट पाणी ठेवलं, तेव्हा ती गोठणबिंदूजवळच्या पाण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त पाणी प्याली. गंमत अशी की गार आणि कोमट अशी दोन्ही पाणी समोर ठेवली, तर त्यांनी गारच पसंत केलं. म्हणून एक पिंप तापवलेलं आणि एक साधं, असं ठेवून उपयोग नाही, फक्त कोमटच ठेवा.

हौदात बसवायचे विजेचे हीटर तिकडच्या शेतीच्या दुकानात सहज मिळतात. बसवल्यावर वायर घोड्याच्या दातांना लागणार नाही अशी नळीतून न्या आणि अर्थिंग तपासून घ्या. पाणी भरलेलं आहे, बर्फ नाही, तरीही घोडा हौदापाशी येऊन नाक लावतो आणि मागे हटतो, असं दिसलं तर पाण्यात वीज उतरते आहे असा पहिला संशय घ्या आणि ताबडतोब वीज बंद करा. वीज नसलेल्या कुरणात दिवसातून निदान दोनदा बर्फ फोडून, घरातून कोमट पाणी नेऊन ओतावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही. मिठाचा दगड थंडीत जिभेला कडक लागतो आणि घोडी तो कमी चाटतात. रोज चंदीत ३० ते ५० ग्रॅम मीठ मिसळलं की तहान आपोआप वाढते. फक्त पाणी मुबलक असेल तरच मीठ द्यायचं.

आणि लीद रोज बघा, मोजा. नेहमीपेक्षा कमी, लहान, कडक गोळे दिसले, घोडा खाणं टाकून कुशीकडे वळून पाहू लागला, पुढच्या पायाने जमीन उकरू लागला किंवा सारखा आडवा पडून उठू लागला, तर पशुवैद्यकाला फोन करायला एक मिनिटही उशीर लावू नका.

वारा आणि ओल

कोरड्या, वारा नसलेल्या थंडीला घोडा भीत नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या कृषिविस्तार विभागाचं मार्गदर्शन असं आहे की वारा आणि ओल नसेल तर घोडी उणे १८ अंशांपर्यंत सहज तग धरतात, आणि आडोसा मिळाला तर उणे ४० पर्यंतसुद्धा. पण वारा सुटला की केसांत अडकलेली हवा उडून जाते. पाऊस किंवा ओला बर्फ लागला की केस चपटे होऊन अंगाला चिकटतात आणि रजई तिथेच संपते. त्यामुळे उणे २० चा कोरडा, निळ्या आकाशाचा दिवस घोड्याला २ अंशांच्या पावसाळी, वादळी दिवसापेक्षा सोपा जातो. आपण मात्र उणे २० ला घाबरतो आणि पावसाच्या दिवशी निर्धास्त राहतो.

कॅप्टन स्कॉटच्या १९११ सालच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेत सायबेरिया-मांचुरियाकडची तट्टं होती आणि त्यांची जबाबदारी कॅप्टन ओट्सकडे होती. प्रत्येक मुक्कामाला थकलेली माणसं तंबूत शिरण्याआधी तट्टांसाठी बर्फाच्या विटांची भिंत रचत, कारण तो वारा त्यांना उभ्या जागी संपवत असे. घामाने भिजलेल्या अंगावर तो वारा लागला की त्यांचे हाल मोहिमेतल्या कुत्र्यांपेक्षा कितीतरी जास्त होत. तुमच्याकडे बर्फाची भिंत बांधायची वेळ येणार नाही. तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी अशी साधी शेड पुरते. प्रेअरीत थंडीचा वारा बहुतकरून वायव्येकडून येतो, म्हणून शेडची पाठ तिकडे आणि तोंड दक्षिणेकडे किंवा आग्नेयेकडे ठेवा. दोन घोड्यांना १२ फूट बाय २० फूट जागा चांगली पडते. पुढच्या प्रत्येक घोड्यामागे ६० चौरस फूट वाढवा. तळाला गवताचा किंवा पेंढ्याचा जाड, कोरडा थर असला की घोडा निवांत आडवा होतो. एवढं करूनही घोडा शेड सोडून बाहेरच वाऱ्याकडे पाठ करून उभा राहिला, तर त्याला ओढून आत नेऊ नका.

झूल घालावी का?

या प्रश्नावर घोडेवाल्यांत दोन तट पडतात आणि भांडणंही होतात. नॉर्वेतल्या संशोधकांनी हा प्रश्न घोड्यांनाच विचारला. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २३ घोड्यांना तीन फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या होत्या. एक आडवी पट्टी म्हणजे झूल घाला, उभी पट्टी म्हणजे काढा, कोरी फळी म्हणजे आहे ते राहू द्या. दोन आठवड्यांत सगळी घोडी शिकली. मग ओल्या, वादळी, गार दिवशी बहुतेकांनी झूल मागितली, आणि हवा चांगली असली की ती काढायला सांगितली. मला या प्रयोगाचं मोल फार वाटतं, कारण त्याने उत्तर कायमचं ‘हो’ किंवा ‘नाही’ असं दिलेलं नाही, ते हवेवर आणि घोड्यावर सोडलं आहे.

केस कातरलेल्या घोड्याला झूल हवीच. हिवाळाभर स्पर्धेत उतरणाऱ्या, रोज घाम येणाऱ्या घोड्याचे केस मुद्दाम कातरतात. ती रजई तुम्ही काढून घेतली, तेव्हा दुसरी द्यायची जबाबदारी तुमचीच. म्हातारा, खंगलेला, आजारातून उठलेला घोडा, आडोसा नसलेलं कुरण, आणि नुकताच फ्लोरिडा किंवा टेक्सासकडून आणलेला घोडा, यांनाही झूल लागते. कोट न आलेला दक्षिणेचा घोडा नोव्हेंबरात आल्बर्टाला आला तर त्याला तो पूर्ण हिवाळा झुलीत काढावा लागेल. बाकीच्या धडधाकट घोड्यांना चांगला आडोसा आणि पोटभर गवत असेल तर झुलीची गरज नाही. उलट हलक्या, स्वस्त झुलीने उभे केस दाबले जातात, आतली हवा निघून जाते आणि घोड्याला उघड्यापेक्षाही जास्त गारठा लागतो. झूल घालायची तर पुरेशा जाडीची घाला. ० ग्रॅमची म्हणजे नुसतं पाणी अडवणारं कापड, १५०-२०० ग्रॅम मध्यम, ३०० ग्रॅमच्या पुढची जाड. बाहेरच्या घोड्यासाठी पाणी आत न घेणारी पण घामाची वाफ बाहेर सोडणारीच झूल हवी.

झूल कधीही ओल्या अंगावर चढवू नका. आणि चढवून विसरू नका. कॅलगरीच्या परिसरात भर जानेवारीत चिनूक वारा सुटतो आणि काही तासांत पारा वीस अंशांनीही वर चढतो. सकाळी उणे २० मध्ये घातलेली जाड झूल दुपारी घोड्याला घामाने निथळवते, आणि रात्री पुन्हा गारठा पडला की तोच ओला घोडा थंडीत सापडतो. तिथे राहत असाल तर सकाळ-संध्याकाळ हवामानाचा अंदाज बघितल्याशिवाय झूल घालू नये. झूल रोज काढून खांद्यापाशी, छातीला, आयाळीच्या मुळाशी घासलेल्या जागा पाहाव्यात, खरारा करावा, झुलीखाली हात घालून अंग कोरडं आहे का ते बघावं. कान गार लागले म्हणून घोडा थंडावला असं नाही. काखेत, कुशीत आणि झुलीखाली खांद्यामागे हात घातला की खरी ऊब कळते.

बंद तबेला

दारं-खिडक्या लावून तबेला उबदार करणं ही सर्वांत घातक माया. बंद तबेल्यात घोड्याच्या श्वासाची वाफ, मुताचा उग्र अमोनिया आणि गवताची धूळ कोंडते. घोडा थंडी सोसतो, पण अशी हवा त्याला सोसत नाही. हिवाळाभर खोकणारी, नाकातून पाणी गाळणारी घोडी पाहिली की मी आधी छताकडे बघतो. छताच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमलेले असतील, किंवा आत शिरल्यावर डोळे चुरचुरत असतील, तर हवा खेळत नाही. वळचणीखालच्या फटी आणि माथ्यावरचा झरोका उघडाच ठेवा. आत-बाहेरचं तापमान चार-पाच अंशांनी वेगळं असलं तरी पुष्कळ झालं. घोड्यांच्या अंगावर सरळ झोत येत नाही एवढंच बघायचं. ओलं तूस आणि मूत रोज काढून टाकायचं. गवताच्या ढिगाजवळ उष्णतेचे दिवे किंवा खोलीचे हीटर लावणं टाळाच, तबेल्यांना लागणाऱ्या आगींत माणसं हतबल होऊन बघत राहतात.

पाय

गुडघ्याखालच्या पायात स्नायू नाहीत. तिथे हाडं आणि कंडरा असतात, आणि रक्ताची मांडणी अशी की खाली जाणारं रक्त वर येणाऱ्याला ऊब देतं. त्यामुळे बर्फात तासन्‌तास उभ्या घोड्याचे पाय सहसा गारठत नाहीत. अडचण वेगळीच असते. नाल मारलेल्या खुराखाली बर्फाचे टणक गोळे जमतात आणि घोडा उंच खडावा घातल्यासारखा लटपटत चालतो, मग घोटा मुरगळतो, कंडरा ताणली जाते. हिवाळ्यात स्वारी फारशी नसेल तर नाल काढून घोड्याला मोकळ्या खुरांनी फिरू द्यावं. नाल हवेच असतील तर नालबंदाला सांगून बर्फ न धरणाऱ्या गाद्या आणि घसरू न देणारे खिळे बसवून घ्या. खूर रोज आकड्याने साफ करा. हिवाळ्यात खूर हळू वाढतात, तरी सहा ते बारा आठवड्यांनी त्यांची छाटणी लागतेच. हौदापाशी आणि फाटकात पाणी सांडून काचेसारखा बर्फ होतो, तिथे वाळू टाका. पेंढा टाकू नये, तो बर्फावरून सरकतो आणि घोडा पेंढ्यासकट घसरतो.

स्वारी करायची असेल तर लगामाची कडी आधी मुठीत किंवा खिशात गरम करून मगच तोंडात द्या. गोठलेलं लोखंड जिभेला आणि ओठाला सोलून काढतं. चालवताना अंग तापायला नेहमीपेक्षा जास्त वेळ द्या. पारा उणे २० च्या खाली असेल तेव्हा दौड नकोच, नुसती चाल पुरे. आल्यावर लोकरीचं कापड टाकून घोडा पूर्ण सुकवल्याशिवाय बाहेर सोडू नका.

केसांच्या आड काय लपलंय

दाट कोटाखाली खंगलेला घोडाही गुबगुबीत दिसतो आणि मार्चमध्ये केस गळाले की फासळ्या दिसून धक्का बसतो. डोळ्यांवर विसंबू नका. दर दोन आठवड्यांनी हातमोजे काढून फासळ्यांवर, पाठीच्या कण्यावर आणि शेपटीच्या मुळाशी हात दाबून फिरवा. डॉन हेनेके यांनी १९८३ साली मांडलेली १ ते ९ ची मोजपट्टी सगळीकडे वापरली जाते. हिवाळ्यात शिरताना घोडा ५ किंवा ६ वर असावा, म्हणजे फासळ्या दिसत नाहीत पण बोटांना सहज लागतात. थंडीत वजन वाढवणं अवघड, त्यामुळे जे काही भरायचं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरून घ्या. दात तपासायचे तेही तेव्हाच, कारण गवत नीट चावता न येणाऱ्या घोड्याला आपण कितीही वैरण टाकली तरी ती ऊब बनत नाही. अर्धवट चावलेल्या गवताचे बोळे गव्हाणीत पडलेले दिसले तर दातांची तक्रार आहे असं समजा.

शिंगरांची रेषा प्रौढांपेक्षा बरीच वर असते, आणि नुकत्याच जन्मलेल्या शिंगराला तर २० अंशांखालची हवाही गार लागते. हिवाळ्याच्या शेवटी घोडी विणार असेल तर कोरडा, आडोशाचा ठाव आणि भरपूर पेंढा आधीच तयार ठेवा, शिंगरू लगेच पुसून सुकवा. शिंगरांच्या कानांची टोकं गोठून गळतात, तीही पाहत चला.

घोडा थरथरायला लागला तर घाबरून जाऊ नका, थरथर हा ऊब निर्माण करण्याचा शरीराचा मार्गच आहे. पण अर्ध्या तासात ती थांबली नाही तर आडोशाला न्या, अंग कोरडं करा, कोरडी झूल घाला, पुढ्यात गवत टाका आणि थर्मामीटर लावा. प्रौढ घोड्याचं तापमान साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सियस असतं. ते ३७ च्या खाली गेलं तर पशुवैद्यक हवा.

महाराष्ट्रातल्या वाचकांना हे सगळं दूरचं वाटेल, पण यातला थोडा भाग त्यांच्याही कामाचा आहे. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तेव्हा खानदेशात रात्री चांगल्याच गार असतात. निफाडकडे पारा ५ अंशांच्या आसपास उतरतो. आपल्याकडच्या भीमथडी, काठेवाडी, मारवाडी घोड्यांचे केस आखूड, म्हणून त्यांची रेषाही वर. तिथे रात्री कोरडी झूल घालणं आणि सकाळी ऊन आलं की ती काढणं योग्यच आहे. बाजारासाठी घोडा लखलखीत दिसावा म्हणून संध्याकाळी त्याला धुऊन तसाच वाऱ्यावर बांधतात, ते मात्र बंद व्हायला हवं. धुणं उन्हं असतानाच उरकावं. लडाखात उन्हाळ्यात कापलेला लसूणघास आणि जवाचा पेंढा घराच्या माळवदावर रचून ठेवतात आणि जनावरं खालच्या मजल्यावर बांधतात. त्यांचा सारा हिवाळा त्या माळवदावरच्या ढिगावर निभतो.

तेव्हा तुमचा ढीग आत्ताच मोजा. प्रेअरीत ऑक्टोबरअखेरपासून मेच्या सुरुवातीपर्यंत कुरणात खायला काही नसतं. सहा महिने धरले तरी एका घोड्याला दिवसाला १० किलोप्रमाणे १,८०० किलो गवत लागतं. त्यात थंडीच्या लाटांसाठीचं जादा आणि वाया जाणारं धरलं तर घोड्यामागे सव्वादोन टन हाताशी हवेत. फेब्रुवारीत गवताचे भाव चढतात आणि चांगलं गवत मिळतही नाही. ऑगस्टमध्येच शेतकऱ्याशी बोलून गासड्या ठरवा, प्रत्येक गाडीतल्या एक-दोन गासड्या फोडून आत हात घालून हुंगून बघा, आणि पहिला बर्फ पडायच्या आत त्या छताखाली आणून टाका.